श्वा, युवा आणि आम्ही

पाणिनीच्या अष्टाध्यायीत, सहाव्या अध्यायाच्या चौथ्या पादात, एक सूत्र असे आहे की ते ऐकून विद्यार्थी हसल्यावाचून राहत नाहीत. 'श्वन्' म्हणजे कुत्रा, 'युवन्' म्हणजे तरुण आणि 'मघवन्' म्हणजे प्रत्यक्ष देवराज इंद्र, या तिघांना त्या महर्षीने एकाच दाव्याला बांधले आहे. कारण एवढेच की, या तिन्ही शब्दांतील 'व' काही विभक्तींत सारख्याच रीतीने पालटतो आणि शुनः, यूनः, मघोनः अशी रूपे होतात. वैयाकरणाला रूपाशी कर्तव्य, प्रतिष्ठेशी नाही. शाळेत तीस-बत्तीस वर्षे संस्कृत शिकविताना 'युवन्' शब्द चालवावयाची वेळ आली की आम्ही हा विनोद दरसाल न चुकता करीत असू, आणि मुले दरसाल न चुकता हसत. परंतु त्या सूत्राचे मर्म आम्हांस कळले ते सेवानिवृत्तीनंतर. जातीने कुत्रा, वयाने तरुण आणि ऐटीने इंद्र असा एक प्राणी आमच्या ओटीवर येऊन बसला, तेव्हा पाणिनीने विनोद केला नसून अनुभव सांगितला आहे, अशी आमची खात्री झाली.

२०२१ च्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमचे चिरंजीव मुंबईस नोकरीस असतात. टाळेबंदीच्या काळात नातीच्या हट्टापायी त्यांनी लॅब्रॅडॉर जातीचे एक पिल्लू आणले. ते लोण्याच्या गोळ्यासारखे पिवळसर व गुबगुबीत असल्यामुळे नातीने त्याचे नाव लाडू ठेवले. दोन महिन्यांचा लाडू सर्वांस गोड लागला. पण सातव्या महिन्यात त्याचे वजन पंचवीस किलोंच्या घरात गेले. त्याने पादत्राणे, दूरध्वनीचे तार आणि सोफ्याचा एक कोपरा फस्त केला. वरच्या मजल्यावरील बिऱ्हाडाने दोनदा तक्रार केली. आणि सूनबाईंची तर त्यास जिन्यावरून खाली नेताना खांद्याची शीर आखडली. तेव्हा एका रविवारी चिरंजीव त्यास गाडीत घालून श्रीवर्धनास घेऊन आले आणि म्हणाले, "बाबा, चार दिवस ठेवून घ्या. इथे वाडी आहे, समुद्र आहे. त्याला मोकळं वाटेल." ते चार दिवस अद्याप संपावयाचे आहेत.

आमच्या घरी गाय होती, मांजरे होती. कुत्रा मात्र कधी पाळलेला नव्हता. दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान नित्य दिसतात, त्यांस हात जोडण्यात आमच्या मंडळींस कधी अडचण पडली नाही; परंतु पाचवा श्वान जेव्हा सोवळ्याच्या वाळवणीखालून शेपटी हलवीत निघाला, तेव्हा त्यांनी चिरंजीवांसमक्षच आम्हांस सुनावले, "अहो, माजघराच्या उंबरठ्याच्या आत याचं पाऊल पडता कामा नये. ओटी तुमची, माजघर माझं." हा तह आजतागायत दोन्ही पक्षांनी पाळला आहे. पुढे आम्हांस कळून आले की, लाडूस सर्वांत आधी समजलेला धडा हाच होय. कारण तो सांगणारी व्यक्ती रोज एकच गोष्ट, एकाच शब्दात, न रागावता सांगत असे. अध्यापनाची पदविका आमच्यापाशी होती, तरी हे त्या वेळी आमच्या ध्यानात आले नाही.

आता या जातीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. लॅब्रॅडॉर हे नाव उत्तर अमेरिकेतील एका थंड प्रदेशाचे असले, तरी या कुत्र्याचे मूळ त्याच्या शेजारच्या न्यू फाउंडलंड बेटावरचे. तेथील कोळी लोकांचे कुत्रे बर्फासारख्या पाण्यात उड्या घालून गळातून निसटलेले मासे धरून आणीत व जाळ्यांचे दोर किनाऱ्याकडे ओढीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मासळीच्या गलबतांबरोबर ते इंग्लंडात आले. तेथील सरदार-दरकदारांनी शिकारीत पडलेला पक्षी दातही न लावता उचलून आणण्याच्या कामी त्यांची निपज केली आणि १९०३ साली इंग्लंडातील श्वानसंस्थेने ही स्वतंत्र जात म्हणून मान्य केली. पाणबुडीसारखे दाट दुपदरी केस, बोटांमध्ये पातळ पडदा, मऊ तोंड आणि वाटेल ते उचलून आणण्याची हौस, ही सारी त्या पूर्वजांची ठेव आहे. म्हणजे, ज्यास आम्ही दिवाणखान्यातील शोभेचा प्राणी समजलो, तो मुळात कोळ्याचा गडी! पहिल्याच आठवड्यात जीवना बंदरावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास येताच लाडू जो खिळून उभा राहिला, त्याचा उलगडा आम्हांस मागाहून झाला. ज्या जातीने पिढ्यान् पिढ्या दिवसभर राबावे, तिच्या पोरास तिसऱ्या मजल्यावर बसवून ठेवले तर त्याने सोफा खावयाचा नाही, तर करावयाचे काय?

परंतु निव्वळ जातीने सर्व गोष्टींचा उलगडा होत नाही. वयही पाहिले पाहिजे. कुत्र्याचे बाल्य पाच-सहा महिन्यांत सरते. दुधाचे दात पडून पक्के दात येतात, नर असल्यास पाय वर करून खुणा करू लागतो, आणि तेथून दीड-दोन वर्षांपर्यंत त्याची कुमारावस्था चालते. शरीर प्रौढाचे आणि बुद्धी बालकाची, असा हा काळ. लाडू आमच्याकडे आला तो नेमका या उंबरठ्यावर. मुंबईस शिकून आलेल्या गोष्टी तो विसरल्यासारखा करी. 'बैस' म्हटले की आमच्याकडे पाही, जांभई देई आणि पोफळीच्या झावळीमागे धावत सुटे. आश्चर्य असे की, तोच शब्द पोस्टमनने उच्चारला की हा तत्काळ बूड टेकून बसे! आमच्या अध्यापकीय अभिमानास यासारखा दुसरा घाव नसेल.

या घावावर औषध पुढे आम्हांस एका शोधनिबंधाच्या वृत्तांतात सापडले. इंग्लंडातील न्यूकॅसल विद्यापीठाच्या डॉ. ल्यूसी ॲशर व त्यांचे सहकारी यांनी अंधांच्या साहाय्यासाठी वाढविल्या जाणाऱ्या लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर व त्यांच्या संकरातील पिलांची परीक्षा घेऊन २०२० साली तो प्रसिद्ध केला. पाच महिन्यांचे असताना जी पिल्ले पालकाच्या शब्दासरशी बसत, तीच आठव्या महिन्यात त्याच शब्दाकडे दुर्लक्ष करू लागली. परंतु परक्या माणसाने सांगितले असता त्यांचे आज्ञापालन कमी झाले नव्हते. आणखी असे की, ज्या पिलांच्या मनात पालकाविषयी धाकधूक व असुरक्षितता अधिक, त्यांच्यात ही अवज्ञाही अधिक दिसली. बारा महिन्यांच्या सुमारास बहुतेकांची वागणूक पुन्हा ताळ्यावर आली. ज्यांच्या घरी पंधरा वर्षांचा मुलगा आहे, त्यांस या निबंधात नवे काही आढळणार नाही. शेजारच्या काकूंपुढे हाच मुलगा किती शहाणा असतो! वाढते वय आपली शक्ती अजमावून पाहते ती जेथे आपल्यास कोणी टाकणार नाही असा भरवसा असतो, तेथेच. सोळावे वर्ष लागले की पुत्राशी मित्रासारखे वागावे, असे आमचे जुने नीतिकार सांगून गेले आहेत. आम्ही ते सुभाषित फळ्यावर शेकडो वेळा लिहिले असेल. पण ते आचरणात आणावयाचे असते, याचा मात्र विसर पडला. आणि त्या विसरापायी आमच्या हातून जे घडले, ते आता सांगणे प्राप्त आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्या वाडीतील निम्म्याहून अधिक पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. आमच्या वडिलांच्या हातच्या त्या पोफळी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे नाव सर्वत्र आहे. पण सुपारीचे रोप लाविल्यापासून हाती फळ यावयास सहा-सात वर्षे वाट पाहावी लागते, आणि साठी उलटलेल्या माणसास ती वर्षे मोजूनच लावणी करावी लागते. तरी २०२१ च्या पावसाळ्यात आम्ही चाळीस रोपे लाविली. त्यांस पाणी घालणे हाच आमचा सकाळचा नेम झाला. माघ महिन्यातील एका पहाटे वाडीत जाऊन पाहतो तो अकरा रोपे उपटून अस्ताव्यस्त पडलेली, आळी उकरलेली, आणि मधोमध लाडू, नाकास माती लागलेली, शेपटी हलवीत उभा! यापूर्वी त्याने एकदा एक रोप खणून काढले होते, हे खरे. आम्ही चौकशी केली नाही. ओटीच्या कोपऱ्यात आमची शाळेतील वेताची छडी निवृत्तीनंतरही जपून ठेवलेली होती. ती आणली आणि त्यास मारले. तो ओरडला नाही. जमिनीस पोट लावून पडून राहिला, आणि आमचा हात थांबल्यावर सरपटत आमच्या पायांशी आला. त्याचे ते येणे आमच्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही.

आठ वाजता वाडीत काम करणारा गडी आला. तो आमचाच जुना विद्यार्थी. त्याने आळ्यांपाशी उकिडवे बसून माती न्याहाळली आणि म्हणाला, "गुरुजी, हे कुत्र्याचं काम नाय. डुकराचं हाय. ही बघा खुरं. मागच्या गडग्याची चिरंपण पाडल्यान." आम्ही पाहिले. रानडुकराच्या खुरांचे ठसे स्पष्ट उमटले होते. गडग्यास खिंडार पडले होते. लाडू बहुधा त्यास हुसकावूनच तेथे उभा राहिला असावा. गडी हसला आणि सहज बोलून गेला, "शाळंतपण तुमचं असंच होतं, गुरुजी. आधी छडी, मग चौकशी." त्याच्या मनात काही नव्हते, तो लगेच गडगा रचावयास निघून गेला. आम्ही मात्र बराच वेळ आळ्याच्या कडेला बसून राहिलो.

महाभारताच्या आदिपर्वात, अगदी आरंभी, एक कथा आहे. जनमेजय राजाचे कुरुक्षेत्रात सत्र चालले असता सरमा नामक देवशुनीचे पिल्लू तेथे आले, आणि राजाच्या तिघा बंधूंनी त्यास मारून हाकलले. ते रडत आईकडे गेले. आई म्हणाली, तुझा काही अपराध असेल. ते म्हणाले, मी हविर्द्रव्यास तोंड लावले नाही, त्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तेव्हा सरमा यज्ञमंडपात गेली व निरपराध पुत्रास का मारलेत, असे तिने विचारले. बंधूंपाशी उत्तर नव्हते. तिने शाप दिला की, तुमच्यावर न दिसणारे, अकल्पित भय येईल. युधिष्ठिराच्या स्वर्गारोहणातील श्वानाची कथा सर्वांस ठाऊक असते, कारण तीत माणसाचा मोठेपणा आहे. ही कथा फारशी कोणी सांगत नाही, कारण तीत माणसाचा अपराध आहे. एवढा मोठा ग्रंथ कुत्र्याच्या एका पिलावरील अन्यायापासून सुरू व्हावा, यातील हेतू आम्हांस त्या दिवशी जाणवला.

सरमेचा शाप आम्हांस लवकरच बाधला. त्या दिवसानंतर लाडू घरात आज्ञाधारक झाला, पण ती आज्ञाधारकता निराळी होती. आमची काठी खुंटीवरून निघाली की तो ओटीखाली जाई. आणि समुद्रावर पट्टा सोडला की हाकेस येईनासा झाला. आम्ही जों जों मोठ्याने ओरडावे, तों तों तो अधिक दूर जाई. सुरूच्या बनाच्या कडेला थांबून मान वळवून पाही, आणि आम्ही चार पावले पुढे टाकली की पुन्हा पळे. एका रविवारी तो तसाच पळत डांबरी रस्त्यावर गेला. प्रवाशांनी भरलेली एक गाडी करकचून थांबली. वीतभर अंतराने तो वाचला. चालकाने आम्हांस चार शब्द ऐकविले, ते रास्त होते. त्या रात्री आमच्या मंडळी म्हणाल्या, "त्याला सांभाळणं होत नसेल तर बघा कोणाला तरी देऊन टाका. पण असा जीव जायला नको." देऊन टाकावयाचे म्हणजे कोणास? ज्याचा भरवसा आम्हीच मोडला, त्यावर दुसऱ्याने भरवसा का ठेवावा?

शेवटी शेजारच्या गावातील एका निवृत्त हवालदारांकडे गेलो. त्यांनी उमेदीची वर्षे पोलिसांच्या श्वानपथकात काढली होती. सर्व हकीकत त्यांनी शांतपणे ऐकून घेतली. म्हणाले, "गुरुजी, तो ऐकत नाही, असं नाही. तुमच्या हाकेचा अर्थ त्याला आता 'मार' असा झालाय. हा शब्द टाका. नवा शब्द घ्या, आणि त्या शब्दानंतर त्याचं कधीही वाईट होऊ देऊ नका. एकदाही नाही." मग त्यांनी आम्हांस विचारले की, घरात त्यास कोण कशी हाक मारतो? उत्तर देताना आम्हीच ओशाळलो. आम्ही 'इकडे ये पाहू' म्हणत असू, मंडळी 'यू यू' करीत, गडी शीळ घालीत असे आणि नात दूरध्वनीवरून 'कम, लाडू, कम' असे इंग्रजीत ओरडे. हवालदार म्हणाले, "चार मास्तर आणि चार भाषा. पोरगं नापास होणार नाही तर काय?"

त्यांनी जी रीत सांगितली, ती अशी. शब्द मोजके ठेवावे: ये, बैस, थांब, सोड, आणि घरातील सर्वांनी तेच उच्चारावे. शब्द एकदाच बोलावा. दहादा बोलल्यास कुत्रा दहाव्याची वाट पाहावयास शिकतो. केले की त्याच क्षणी बक्षीस द्यावे: उकडलेल्या अंड्याचा कण, गाजराचा तुकडा किंवा नुसती शाबासकी; पण क्षणभराचा उशीरही नको, कारण उशिराने दिलेले बक्षीस कशाबद्दल, हे त्यास कळत नाही. धडा पाच मिनिटांचा, दिवसातून तीन वेळा. आम्ही पाऊण तासाच्या तासिकेत जन्म घालविलेला माणूस. पाच मिनिटांत काय होणार, असे वाटले. पण सोळाव्या दिवशी फळ दिसू लागले. समुद्रावर त्यास मोकळे सोडावयाचे नाही. रहाटाच्या जुन्या दोराचा तीसेक हात लांब तुकडा पट्ट्यास बांधावयाचा, आणि दोन हातांवरून 'ये', मग पाच हातांवरून, मग दहा. तेही आधी निर्जन पुळणीवर, मग खेकडे दिसत असताना, मग मुले खेळत असताना. दहा वेळा बोलवावे आणि नऊ वेळा बक्षीस देऊन पुन्हा खेळावयास सोडावे. म्हणजे हाक आली की मौज संपली, असा त्याचा समज होत नाही. अंगावर उड्या मारल्यास पाठ फिरवून उभे राहावे. चारही पाय जमिनीवर आले की मगच बोलावे. पट्टा ओढू लागल्यास झाडासारखे थांबावे. पट्टा सैल झाला की चालावे. तोंडातील वस्तू ओढून घेऊ नये. तिच्या बदल्यात दुसरी द्यावी.

आणि मुख्य म्हणजे त्यास काम द्यावे. करवंटीखाली गाजर लपवून हुंगून काढावयास लावावे. पाण्यात वस्तू फेकून आणावयास सांगावे. फेकावयास काय घ्यावे, असे आम्ही विचारता हवालदारांनी विचारले, "मारलं कशानं?" आम्ही सांगितले. "मग तीच घ्या," ते म्हणाले. पहिले आठ दिवस ती छडी नुसती ओटीवर पडून राहिली, तिच्याभोवती अंड्याचे कण. लाडू दुरून मान लांब करून कण उचली व मागे सरे. पुढे तो तिच्यावरून पाय टाकून जाऊ लागला. फाल्गुनात एके दिवशी त्याने ती तोंडात धरली.

हवालदारांच्या तोंडून आम्ही जंजीरचे नाव ऐकले. मुंबई पोलिसांच्या बाँबशोधक पथकातील हा लॅब्रॅडॉर १९९२ च्या जानेवारीत जन्मलेला, पुण्याच्या पोलीस श्वानकेंद्रात शिकलेला. त्या काळची आठवण आमच्या किनाऱ्यास विसरता येण्यासारखी नाही. १९९३ च्या फेब्रुवारीत येथून जवळच शेखाडीच्या किनाऱ्यावर रातोरात चोरटा माल उतरला. त्यात आरडीएक्स नावाचे स्फोटक होते, आणि १२ मार्च रोजी मुंबईत स्फोटांची मालिका होऊन २५७ माणसे प्राणांस मुकली. त्या दिवसांत व पुढे जंजीरने हुंगून काढलेल्या आरडीएक्सची नोंद तीन हजार किलोंहून अधिक आहे. शिवाय शेकडो डिटोनेटर व हातबाँब. २००० च्या नोव्हेंबरात तो कर्करोगाने गेला, तेव्हा पोलिसांनी त्यास मानवंदना दिली. आमच्या मनात मात्र एकच हिशोब घोळत राहिला. मार्च १९९३ मध्ये जंजीरचे वय होते अवघे चौदा महिने. म्हणजे जे वय 'हा आता आवरत नाही' म्हणून घरोघर कपाळास हात लावावयाचे, तेच. जी नासिका आमच्या वाडीत डुकराचा माग काढीत होती, तिच्यासारख्याच एका नासिकेने एका शहराचे रक्षण केले. फरक जातीचा नव्हे, वयाचा नव्हे. कोणी पाच मिनिटे, रोज, न रागावता शिकविले की नाही, एवढ्याचा आहे.

गृहिणींच्या उपयोगासाठी आहाराविषयीही लिहितो. या जातीची भूक हा चेष्टेचा विषय असला, तरी तीस शारीरिक कारण आहे. केंब्रिज येथील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, सुमारे एकचतुर्थांश लॅब्रॅडॉरांत तृप्तीशी संबंध असलेल्या एका जनुकाचा अंश गळालेला असतो. त्यांस पोट भरल्याची जाणीव पुरेशी होत नाही. तेव्हा त्याच्या केविलवाण्या डोळ्यांस भुलून पानातील घास देणे ही दया नव्हे. वजन वाढले की सांधे दुखावतात, आणि या जातीचे खुबे आधीच नाजूक. आमच्या घरी मांसाहार नाही. पशुवैद्यांनी सांगितल्यावरून नुसता दहीभात बंद केला. मोजून घेतलेले तयार खाद्य व अंडी सुरू केली. अंडी परसातील चुलीवर आम्ही स्वतः उकडतो. मंडळींनी त्या चुलीकडे पाहावयाचे नाही, असा तहातील दुसरा कलम आहे. बेदाणे व मनुका, कांदा, लसूण आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्यास विषासमान होत. म्हणून सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराही त्यास देऊ नये. कोकणातील दमट उकाड्यात त्याचे दुपदरी केस त्यास जाचतात; फिरणे सूर्योदयापूर्वी व सूर्यास्तानंतर, आणि दुपारी ओल्या सावलीत विसावा. पोहून आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन कान कोरडे करावे, गोचीड रोज पाहावी. पिसाळ रोगाची व लेप्टोची लस वेळच्या वेळी टोचावी. आमच्याकडील पावसाळ्यात दुसरीचे महत्त्व पहिलीहून कमी नाही.

वैशाखात सुट्टीसाठी चिरंजीव सहकुटुंब आले. परतताना लाडूस नेण्याविषयी बोलणे निघाले, तेव्हा आठ वर्षांच्या नातीनेच निकाल दिला, "आजोबा, तो इथेच राहू दे. तिकडे त्याला काही काम नाही." आम्ही त्यास ठेवून घेतले. परंतु सर्वांस वाडी असलेले आजोबा नसतात, हेही आम्ही जाणतो. अलीकडे आमच्या किनाऱ्यावर सुट्टीचे बंगले पुष्कळ झाले आहेत. हंगाम सरल्यावर गळ्यात पट्टा असलेला, उंच जातीचा, वर्षा-दीड वर्षाचा कुत्रा पुळणीवर प्रत्येक गाडीमागे धावताना आम्ही स्वतः दोनदा पाहिला आहे. जनावरास उपाशी-तहानेले राहावे लागेल अशा रीतीने सोडून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वये गुन्हा आहे. पण कायदा बाजूस ठेवला, तरी ज्यास आपण त्याच्या आईपासून तोडून आणले, त्याचे बालपण तेवढे आपले आणि तारुण्य रस्त्याचे, हा कोणता न्याय? पिल्लू घेण्यापूर्वी घरातील वडील माणसांनी त्याचे गोंडस रूप न पाहता दहाव्या महिन्यातील रूप डोळ्यांपुढे आणावे; रोजचा तास-दीड तास आपल्यापाशी आहे का, ते पाहावे; नसेल तर मुलाचा हट्ट मोडावा. आणि घेतलेच असेल, तर ती दीड वर्षे धीराने काढावी. तो काळ जातो. तो गेल्यावर जे उरते ते बारा वर्षांचे सख्य असते.

आता लाडूस चार वर्षे पुरी होऊन गेली आहेत. उरलेल्या एकोणतीस रोपांपैकी सत्तावीस जगली. गडग्यास तार लाविली. समुद्रावर 'ये' म्हटले की तो येतो; कधी थोडा विचार करून येतो, पण येतो.

आमच्या गड्याचा मुलगा आठवीत आहे. तो सायंकाळी संस्कृत शिकावयास ओटीवर येतो. परवा 'श्वन्' शब्द चालविताना तो षष्ठीस अडखळला आणि 'शुनः'ऐवजी 'श्वनः' म्हणाला. त्याने दचकून आमच्याकडे पाहिले. बापाने घरी काही सांगून ठेवले असावे. आम्ही त्यास विचारले, "बाळ, तुला असे का वाटले?" त्याने कारण सांगितले, आणि ते चुकीचे असले तरी अगदीच निर्बुद्ध नव्हते. मग आम्ही त्यास पाणिनीचे ते सूत्र सांगितले. तो पुष्कळ हसला. छडी कोपऱ्यात नव्हती. ती पायरीशी बसलेल्या लाडूच्या तोंडात होती, कारण समुद्रावर जावयाची वेळ झाली होती.